खेकड्याच्या पोटातल्या तीसेक पेशी

संध्याकाळी स्टेशनबाहेर पडावं आणि कढईतून नुकत्याच निघालेल्या वड्यांचा वास यावा. दुपारचं जेवण हुकलेलं असेल तर पाय आपोआप गाडीकडे वळतात. तेल कितव्यांदा तापतंय, पाव आजचा की कालचा, असले प्रश्न पडतच नाहीत. आता हाच माणूस, हीच गाडी. पण स्वारी नुकतीच लग्नाच्या पंगतीतून जिलब्यांवर ताव मारून उठलेली. मग तोच वास नकोसा होतो आणि तेलाचा काळपट रंग पहिल्यांदाच डोळ्यांत भरतो.

नाक तेच, मेंदू तोच. मेंदूतल्या पेशींची एकमेकींशी असलेली जोडणी तासाभरात सुटून नव्याने बांधली गेली, असंही झालेलं नाही. मग वागणं इतकं पालटलं कसं? ‘पोट भरलं म्हणून’ हे उत्तर खरं असलं तरी त्यातून काही कळत नाही. पोट भरल्याची बातमी वासाच्या वाटेवरच्या पेशींपर्यंत कशी पोचली आणि ती पोचल्यावर त्यांनी नेमकं काय केलं, हे कळायला हवं. याचा पहिला नीट उलगडा माणसाच्या मेंदूत झाला नाही. तो झाला खेकड्याच्या आणि शेवंडीच्या पोटात.

जठरात दात

ज्यांच्या घरी चिंबोऱ्या होतात त्यांना ठाऊक असेल. पाठीचं कवच उघडलं की डोळ्यांच्या मागे एक पिशवी दिसते. ती खायची नसते, काढून टाकायची. हे खेकड्याचं जठर. खेकडा तोंडाशी अन्नाचे फक्त तुकडे करतो. चावण्याचं काम या पिशवीत होतं, कारण त्याचे चावायचे दात तिथे असतात: दोन बाजूंना दोन आणि मध्ये एक. दातांच्या पुढच्या टप्प्यावर गाळणी असते. दात सावकाश चालतात, एका फेरीला काही सेकंद ते अगदी दहा-वीस सेकंदही लागतात. गाळणी मात्र सेकंदा-दोन सेकंदाला आकुंचन पावते. म्हणजे एकाच जठरात दोन वेगवेगळ्या लयी सुरू असतात.

या दोन्ही लयी जो सांभाळतो तो चेतापेशींचा पुंजका जठराच्या वरच्या बाजूला असतो. त्यात पेशी किती? शेवंडीत सुमारे ३०, तर अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या जोना खेकड्यात २६ च्या आसपास. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात, हे लक्षात घेतलं की अभ्यासकांना हा पुंजका का आवडला ते कळतं. इथे एकेका पेशीला नाव देता येतं आणि पुढच्या खेकड्यात तीच पेशी पुन्हा ओळखता येते.

पुंजक्याची जागाही विलक्षण आहे. हृदयातून डोक्याकडे जाणाऱ्या रोहिणीच्या आत, थेट रक्तप्रवाहातच तो बसलेला असतो. रक्तात जी काही रसायनं येतात ती आधी त्याला न्हाऊ घालूनच पुढे जातात. हा तपशील पुढे उपयोगी पडेल.

प्रयोगशाळेत जठरावरून हा पुंजका त्याच्या मज्जातंतूंसह अलगद सोडवतात, थंड खाऱ्या पाण्याच्या बशीत टाचण्यांनी ताणून बसवतात आणि एकेका तंतूभोवती चक्क व्हॅसलिनचं छोटं आळं घालून त्यात पोलादी तार सोडतात. आता शरीर नाही, जठर नाही, अन्नाचा कण नाही. तरी तारेला जोडलेल्या पडद्यावर विजेच्या टोकांचे झुबके एकापाठोपाठ एक येत राहतात: आधी एक पेशीगट, मग दुसरा, मग तिसरा, की पुन्हा पहिला. असं तासन्‌तास चालतं. याचा अर्थ ही लय बाहेरून येत नाही. पेशींचं हे जाळंच ती तयार करतं.

नकाशा हाती आला

१९६० आणि ७० च्या दशकांत डॉन मेनार्ड, अ‍ॅलन सेल्व्हर्स्टन वगैरे अमेरिकन अभ्यासक या कामाला लागले. सेल्व्हर्स्टन यांच्या सॅन डिएगोच्या प्रयोगशाळेत कॅलिफोर्नियाची काटेरी शेवंड असे. आपल्या कोकण किनाऱ्यावर मिळते ती शेवंडही त्याच ‘पॅन्युलिरस’ वंशातली. हिशोब सरळ होता. पेशी तीसच आहेत. कोण कोणाला जोडलेली आहे आणि कोण कोणाला दाबते, याचा पूर्ण नकाशा काढू, म्हणजे जाळं कसं चालतं ते समजेल.

नकाशा निघाला. गाळणीच्या लयीत एक पेशी स्वतःहून ठोके देते. तिच्याशी विजेच्या थेट सांध्याने जोडलेल्या दोन पेशी तिच्याबरोबर उठतात. या तिघी मिळून बाकीच्यांना दाबून धरतात. दाब सुटला की दुसरा गट उसळून उठतो, त्याच्यानंतर तिसरा, तोवर पहिलीचा पुढचा ठोका येतो. सुंदर, सुटसुटीत रचना. पण सगळं इथेच संपलं नाही.

मेंदूकडून पुंजक्याकडे एकच मज्जातंतू येतो. तो बंद केला की दातांची लय थांबते आणि गाळणीची मंदावते किंवा तीही बंद पडते. नकाशातली एकही जोडणी तुटलेली नसते, तरी जाळं गप्प होतं. त्यानंतर बशीत विशिष्ट रसायनाचे थेंब सोडले की ते पुन्हा सुरू होतं. डोपामीन टाकलं तर एक चाल, सेरोटोनिन टाकलं तर दुसरी, प्रॉक्टोलिन टाकलं तर तिसरी. वेग निराळा, कोणती पेशी किती जोरात बोलते ते निराळं, काही गप्पच.

प्रॉक्टोलिनचा किस्सा सांगण्यासारखा आहे. पाच अमिनो आम्लांची ही लहानशी साखळी १९७५ मध्ये पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात वेगळी केली गेली ती झुरळांपासून. जवळपास सव्वा लाख झुरळं वापरल्यावर हाती आलं ते मिलिग्रॅमच्या पाचव्या भागाहूनही कमी. झुरळातला हा पदार्थ खेकड्याच्या पोटातही सापडला आणि तिथे त्याची मात्रा नेमकी लागू पडली.

या कामातलं सर्वांत मोठं नाव ईव्ह मार्डर यांचं. सेल्व्हर्स्टन यांच्याच प्रयोगशाळेत त्या विद्यार्थिनी होत्या. पुढे बॉस्टनजवळच्या ब्रँडाइस विद्यापीठात त्यांनी उभं आयुष्य या तीस पेशींवर घालवलं. जठराच्या पुंजक्यावर परिणाम करणारी वीसहून अधिक रसायनं आज माहीत आहेत. काही मेंदूकडून येणाऱ्या तंतूंच्या टोकांतून झिरपतात, काही रक्तातून येतात. अशा रसायनांना न्यूरोमॉड्युलेटर म्हणतात आणि त्यांच्या कामाला न्यूरोमॉड्युलेशन.

पाणी सोडणारा माणूस

जुन्या पेठेतल्या पाण्याच्या नळांचा विचार करा. जमिनीखालच्या पाइपांचं जाळं वर्षानुवर्षं तेच असतं. पण आज कोणत्या गल्लीला पाणी येणार, किती वेळ आणि किती दाबाने, हे महापालिकेच्या कचेरीतल्या पाइपांच्या नकाशावरून कळत नाही. ते कळतं लांब दांड्याची चावी घेऊन फिरणाऱ्या माणसाकडून. एक व्हॉल्व्ह दोन आटे फिरवला की एक आळी कोरडी आणि दुसरीच्या टाक्या भरून वाहतात. पाइप उखडावा लागत नाही.

न्यूरोमॉड्युलेटर हे चावीचं काम करतात. फरक एवढाच, की पाणी सोडणारा एका वेळी एकच व्हॉल्व्ह फिरवतो. इथे रसायन एकदम शेकडो व्हॉल्व्हना लागतं आणि काही उघडतं, तर काही बंद करतं. शेवंडीतलं डोपामीनच पाहा. ठोके देणाऱ्या पेशीला ते चेतवतं, पण तिच्या दोन जोडीदारणींना गप्प करतं. ती ठोके देणारी इतरांना दाबते ते ग्लुटामेट सोडून, आणि तिचा दाब झटकन ओसरतो. जोडीदारणी अ‍ॅसिटिलकोलिन सोडतात, त्यांचा दाब रेंगाळतो. त्या गप्प झाल्या की रेंगाळणारा दाब उरत नाही आणि मागच्या गटातल्या पेशी चक्रात लवकर उठतात. एका रसायनाने लयीची मांडणीच सरकली. हा कार्यकारणभाव १९८४ मध्ये ज्युडिथ आयझेन आणि मार्डर यांनी उलगडला. माझ्या मते या सगळ्या विषयातला हा सर्वांत देखणा शोध, कारण यात गूढ म्हणून काही शिल्लक राहत नाही.

१९९१ मध्ये तर आणखी पुढची गोष्ट निघाली. पिएर मेरां, जॉन सिमर्स आणि मोरीस मुलॅं यांनी फ्रान्समध्ये युरोपियन लॉबस्टरवर काम करताना पाहिलं, की विशिष्ट पेशींची एक जोडी जागी झाली की अन्ननलिकेची, दातांची आणि गाळणीची अशी वेगवेगळी जाळी मोडतात आणि त्यांच्यातल्या पेशी एकत्र येऊन तात्पुरतं नवंच जाळं बनतं. त्या जाळ्याची लय गिळण्याची. काम झालं की पेशी आपापल्या जागी परत. त्याच वर्षी मार्डर यांच्या गटानेही दाखवलं, की खेकड्याच्या काही पेशी परिस्थितीप्रमाणे कधी दातांच्या लयीत सामील होतात, कधी गाळणीच्या. ‘ही पेशी या जाळ्यातली’ असं कायमचं लिहून ठेवता येत नाही, हे कळल्यावर अनेकांना आपल्या आकृत्या पुन्हा तपासाव्या लागल्या.

पेशीच्या आत काय घडतं?

चेतापेशीच्या आवरणात सूक्ष्म दारं असतात. त्यांतून सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियमचे विद्युतभारित कण आतबाहेर करतात. कोणत्या प्रकारची दारं किती आहेत आणि किती सहज उघडतात, यावर पेशीचा स्वभाव ठरतो. काही पेशी डिवचल्याशिवाय बोलत नाहीत, काही आपणहून ठोके देतात, काही एकदा सुरू झाल्या की आवरत नाहीत.

एका पेशीकडून दुसरीकडे जाणारा रोजचा निरोप झटपट असतो. रसायन सुटतं, समोरच्या पेशीवरच्या ग्राहकाला चिकटतं, आणि तो ग्राहक म्हणजेच दार असल्यामुळे काही सहस्रांश सेकंदांत उघडतो, मिटतो. न्यूरोमॉड्युलेटरचा ग्राहक असा नसतो. त्याला स्वतःचं दार नसतं. रसायन बाहेरून चिकटलं की आतल्या बाजूला असलेलं जी-प्रोटीन जागं होतं, ते पेशीत सायक्लिक एएमपीसारखे निरोप्ये रेणू तयार करवतं आणि ते रेणू एन्झाइमांना कामाला लावतात. एन्झाइम दारांवर फॉस्फेटचे गट चिकटवतात. आता एखादं दार पूर्वीपेक्षा थोड्या धक्क्यानेही उघडतं, दुसरं उघडायला कुरकुरतं. या साखळीला वेळ लागतो आणि परिणामही सेकंद, मिनिटं, कधी त्याहून जास्त टिकतो. शिवाय पेशींमधल्या सांध्यांचा जोरही कमीजास्त होतो.

मार्डर यांच्या प्रयोगशाळेत एक चकवणारी गोष्ट दिसली. खेकड्याच्या पुंजक्यात प्रॉक्टोलिन आणि इतर कित्येक पेप्टाइडं शेवटी एकच दार उघडतात. मग चाली वेगवेगळ्या का? कारण कोणत्या पेशीवर कोणते ग्राहक आहेत ते वेगळं. एक पेप्टाइड पाच प्रकारच्या पेशींना ऐकू येतं, तर दुसरं दोनच प्रकारच्या.

चौकट: गोंधळ होतो तो इथे

अमुक रसायन निरोप्या आणि तमुक रसायन न्यूरोमॉड्युलेटर, अशी कायमची वाटणी नसते. अ‍ॅसिटिलकोलिन आपल्या स्नायूंवर झटपट निरोप देतं, मेंदूत मात्र पुष्कळदा चावी फिरवण्याचं काम करतं. ठरवतो तो समोरचा ग्राहक. दुसरं असं, की ‘उत्तेजक’ किंवा ‘शामक’ हे शिक्के रसायनावर मारता येत नाहीत. तेच डोपामीन शेजारशेजारच्या पेशींवर उलट परिणाम करतं. तिसरं, न्यूरोमॉड्युलेटर सांध्यापुरते राहत नाहीत. पाझरून आजूबाजूला पसरतात, रक्तातूनही येतात. आपल्या मेंदूच्या बुंध्यातल्या ‘लोकस सेरुलियस’ या इवल्या निळसर ठिपक्यात काही दहा हजारच पेशी आहेत, पण त्यांच्या फांद्या जवळजवळ सगळ्या मेंदूत आणि मज्जारज्जूत पोचतात. आपण दचकून सावध होतो त्यात त्यांनी सोडलेल्या नॉरअ‍ॅड्रेनलिनचा मोठा हात असतो.

भुकेलेली माशी, बिथरलेला टोळ

आता वड्याच्या वासाकडे येऊ. माणसात हा हिशोब फार गुंतागुंतीचा आहे, पण पिकल्या केळ्यांवर घोंगावणाऱ्या फळमाशीत तो बराचसा सुटला आहे. तिला व्हिनेगरचा वास म्हणजे जेवणाचं आमंत्रण. सॅन डिएगोतल्याच जिंग वांग यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवलं, की पोट भरलेलं असताना माशीच्या शरीरातलं इन्सुलिन वास घेणाऱ्या पेशींमधल्या एका ग्राहकाचं उत्पादन दाबून ठेवतं. उपास घडला की इन्सुलिन उतरतं, तो ग्राहक वाढतो आणि एका पेप्टाइडच्या मदतीने या पेशी मेंदूकडे मोठ्याने ओरडू लागतात. तोच वास, पण संदेश मोठा. २०१५ मध्ये याची दुसरी बाजू कळली. व्हिनेगरचा वास फार उग्र झाला की माशी दूर पळते, त्यासाठी वेगळी वाट असते. भुकेच्या वेळी दुसरं एक पेप्टाइड ही ‘नको’ची वाट मंद करतं. भूक अशी दोन्हीकडून काम करते: हवंसं ठळक, नकोसं फिकं. शिळ्या भाकरीला चव कुठून येते याचा धागा इथे असावा.

टोळांची गोष्ट याहून नाट्यमय. मे २०२० मध्ये अमरावती आणि नागपूर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी थाळ्या वाजवून जे पळवले ते वाळवंटी टोळ. एरवी हा किडा एकलकोंडा, दुसरा टोळ दिसला की बाजूला सरकणारा. पण दाटीत सापडला, मागच्या पायांना इतरांचा स्पर्श होत राहिला, की दोन तासांत कळपात घुसू लागतो. केंब्रिज आणि ऑक्सफर्डच्या अभ्यासकांनी २००९ मध्ये दाखवलं, की या काळात त्याच्या छातीतल्या मज्जापुंजक्यांत सेरोटोनिन वाढतं. सेरोटोनिनचा मार्ग अडवला तर दाटीत ठेवूनही तो एकलकोंडाच राहतो. पुढे रंग बदलतो, शरीर बदलतं, पण त्याला वेळ लागतो. वागणं आधी बदलतं.

सर्पगंधा आणि लुळा ससा

माणसापर्यंत यायचं तर वाट एका भारतीय मुळीवरून जाते. सर्पगंधा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये उच्च रक्तदाबावरच्या तिच्या उपयोगाविषयी ब्रिटिश नियतकालिकात लिहिलं आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं करण्यात आलं.

स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी हे रेसर्पिन सशांना टोचलं. रेसर्पिन चेतापेशींच्या टोकांतले डोपामीन, नॉरअ‍ॅड्रेनलिन, सेरोटोनिन यांचे साठे रिकामे करतं. ससे कान पाडून निपचित बसले. स्नायू शाबूत, मज्जातंतू शाबूत, मेंदूतली एकही जोडणी तुटलेली नाही, पण हालचाल नाही. मग त्यांनी एल-डोपा दिलं. मेंदूत गेल्यावर त्यापासून डोपामीन बनतं. थोड्याच वेळात ससे हिंडू-फिरू लागले. हे १९५७ चं काम. २००० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. खेकड्याच्या बशीत दिसतं ते इथे अख्ख्या सशात दिसलं, असं म्हणायला हरकत नाही.

पार्किन्सनच्या आजारात, म्हणजे आपण ज्याला कंपवात म्हणतो त्यात, मेंदूतल्या डोपामीन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. व्हिएन्नात १९६० मध्ये मृत रुग्णांच्या मेंदूत डोपामीनची टंचाई मोजली गेली आणि पुढच्याच वर्षी रुग्णांना एल-डोपा देऊन पाहिलं गेलं. नुसतं डोपामीन देऊन भागत नाही, कारण ते रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही.

संपूर्ण नकाशानंतरही

१९८६ मध्ये एका सूक्ष्म कृमीच्या ३०२ चेतापेशींचा संपूर्ण नकाशा प्रसिद्ध झाला. २०२४ मध्ये फळमाशीच्या अख्ख्या मेंदूचा झाला: १ लाख ३९ हजारांवर पेशी आणि त्यांच्यामधले पाच कोटींच्या घरातले सांधे. थोर काम आहे, पण त्यावरून ‘आता मेंदू कळला’ असे मथळे येतात तेव्हा जठरातल्या तीस पेशी आठवाव्यात. तो नकाशा केव्हाच हाती आला होता.

मार्डर यांच्या गटाने २००४ मध्ये गाळणीच्या जाळ्याच्या दोन कोटींहून अधिक संगणकी प्रतिकृती तपासल्या. आतल्या दारांचं आणि सांध्यांचं प्रमाण पार वेगवेगळं असूनही त्यांतल्या कित्येक जवळजवळ सारखीच लय देत होत्या. वरून सारखी दिसणारी जाळी आतून वेगळी असू शकतात, आणि तशी असतील तर एकाच रसायनाला ती वेगवेगळा प्रतिसादही देतील. औषध एकाला मानवतं आणि दुसऱ्याला नाही, त्यामागच्या अनेक कारणांत हेही एक असू शकतं.

‘डोपामीन म्हणजे आनंद’ आणि ‘सेरोटोनिन म्हणजे समाधान’ असं सांगणारे रील्स सध्या मोबाइलवर धो धो वाहतात. त्यांवर विश्वास ठेवू नका. डोपामीन हालचालीच्या जाळ्यात एक काम करतं, ओढ लावणाऱ्या जाळ्यात दुसरं; आणि गोळी गिळल्यावर ते कोणत्या जाळ्यात जाईल हे आपल्या हातात नसतं. म्हणूनच डोपामीनसारखं काम करणाऱ्या पार्किन्सनच्या काही औषधांनी थोड्या रुग्णांना जुगाराची अनावर ओढ लागते, काहींना भास होतात.

घरात पार्किन्सनचा रुग्ण असेल तर एक विनंती. खाजकुइलीच्या बियांत, म्हणजे बाजारात कवचबीज म्हणून मिळणाऱ्या चूर्णात, खरोखरच एल-डोपा असतं. १९३७ मध्ये भारतीय रसायनशास्त्रज्ञांनीच ते त्यातून वेगळं केलं होतं. ‘वनस्पतीच तर आहे’ म्हणून ते चालू गोळ्यांच्या जोडीला परस्पर देऊ नका, चालू गोळ्या एकाएकी बंद करू नका, आणि वागण्यात काही नवं दिसलं तर संकोच न करता डॉक्टरांच्या कानावर घाला.